बाबांच्या गालाचा तुकडा आणि माझी केस

१४ जुलै, सोमवार
ही डायरी काजलनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, जानेवारीत दिली. लिहायचं राहूनच गेलं. आधी पेन नव्हता. मग पेन मिळाला तर मूड नव्हता. मग अमरावतीले गेलतो. पण आता लिहिणं भाग आहे. मी डॉक्टरवर केस टाकणार आहे, अन् माझा दोस्त मुकेश म्हणते की केसमध्ये तारखा लागतात.

हकीकत अशी. होळीपासून बाबांच्या गालात आतून फोड आहे. तीस वर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळला, दुसरं काय. जूनमध्ये वर्ध्याच्या डॉक्टरनं गालाचा बारीक तुकडा काढला, औषधाच्या पाण्यात टाकला अन् डबी माझ्या हातात दिली. वर बाबांचं नाव, पत्ता. म्हणे, आजच सावंगीकडच्या लॅबमध्ये पोचव, कॅन्सर आहे का ते कळेल. आपल्याकडं पेशंटचा माणूस म्हणजे फुकटचा कुरिअर. मी डबी मुकेशच्या अॅक्टिव्हाच्या डिकीत ठेवली अन् निघालोच. तेवढ्यात मुकेशचा फोन, गाडी घेऊन जाम गावाले ये, अर्जंट आहे. अर्जंट म्हणजे मटण. तिथं एक ट्रकवाला आदिलाबादले जाऊन राह्यलता, मी बसलो. आठ दिवसांनी परत आलो.

आज महिना झाला. रिपोर्टचा पत्ता नाही. या देशात गरिबाच्या जिवाची काही किंमत आहे का?

२० जुलै
मुकेशकडं गेलो. तो जामच्या चौकात मोबाईल कव्हर विकतो, पण एलएलबीचं एक वर्ष केलेलं आहे. त्यानं समजावलं. निदानाला उशीर झाला म्हणजे लगेच डॉक्टर दोषी, असं होत नाही. त्याची जबाबदारी होती, ती त्यानं पाळली नाही, अन् त्यामुळंच पेशंटचं नुकसान झालं, हे सगळं दाखवावं लागते. शेवटी म्हणे, "उशीर नेमका कोणाच्या हातानं झाला ते पक्कं पाह्यजे बे."
मी म्हटलं, ते तर शेंबडं पोरगंही सांगेल.

उद्यापासून रोज पुरावा गोळा करणार. आजचा पुरावा: बाबांचं तोंड आधी तीन बोटं जातील एवढं उघडायचं, आता दोन.

२९ जुलै
रोजचं जमलं नाही. पुलगावले मित्राच्या भावाचं लग्न होतं.
आज दवाखान्यातून फोन. बाई विचारते, प्रेमदास थूल यांचा रिपोर्ट अजून कसा आणला नाही? चार वेळा फोन केला म्हणे. आमचाच रिपोर्ट आम्हालाच मागतात! किती बेशरम असावं माणसानं. कॉल रेकॉर्ड करणार होतो, फोनमध्ये जागा नव्हती. नंबर ब्लॉक केला.

६ ऑगस्ट
स्वतः लॅबवर धडकलो. काउंटरवरच्या पोरीनं दोनदा पाहून सांगितलं, या नावाची डबी आलीच नाही. वर मलाच विचारते, "कोणाच्या हातात दिली होती दादा?"
मी म्हटलं, ते तुम्हाले माहीत असाले पाह्यजे. रेकॉर्डच गायब! केस एकदम मजबूत झाली. त्या आनंदात कॅन्टीनमध्ये समोसा खाल्ला. बाजूला व्हॉलीबॉलची मॅच होती, ती पाहता पाहता संध्याकाळ झाली.
रात्री उगाच मनात आलं, आपण डबी दिली होती ना? दिलीच असेल. नाहीतर जाईल कुठं?

१९ ऑगस्ट
बाबांना आता तिखट बंद. भाकर वरणात कुस्करून, तीही अर्धी. दीड बोट.
काजल म्हणते, "भाऊ, मले नेऊ दे बाबाले. दुसरा तुकडा काढून घेऊ. दोन घंट्याचं काम आहे."
हिला कायद्याचं काही कळत नाही. दुसरा तुकडा काढला की पहिल्याचं महत्त्व गेलं. कोर्ट विचारेल, खरा तुकडा कोणता? मी साफ नाही म्हटलं. ती बाबांकडं पाहत राहिली. बाबा म्हणाले, "राहू दे पोरी. रत्नदीपले समजते त्यातलं."
डोळ्यांत पाणी आलं. वडिलांचा विश्वास म्हणजे काय, ते आज कळलं.

२८ ऑगस्ट
वाईट बातमी. मुकेशनं अॅक्टिव्हा विकली. जामचा चहावाला कवडूभाऊ, त्याला. स्वस्तात गेली, कारण डिकीचं कुलूप जूनपासून उघडतच नाही. आत काहीतरी खडखडते म्हणे, पाना असेल. माझ्या किती आठवणी त्या गाडीच्या. मन लागलं नाही, केसचं काम थांबवलं.

७ सप्टेंबर, रविवार, सकाळ
आज नोटीस लिहूनच उठणार. "आपल्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे माझ्या वडिलांच्या आजाराचे निदान तीन महिने रखडले." काय वाक्य झालं! पुढं: "सदर डबी मी दिनांक अमुक रोजी अमुक यांच्या ताब्यात दिली." दोन्ही अमुक नंतर भरतो.

बाबा बाजूला बसून नळीनं दूध पितात. आज करंगळीच जाते.

बाहेर हॉर्न वाजला. हा हॉर्न मी झोपेतही ओळखेन.
कवडूभाऊ! जामवरून इथं आमच्या नालवाडीले? काजलनं दार उघडलं. तो चपला काढता काढता सांगून राह्यला, "कुलूप तोडलं काल. आतून हे निंघालं. वर नाव-पत्ता होता, म्हटलं कोणाचं कामाचं असन तर नेऊन देतो." डबी रुमालात गुंडाळलेली. काजल डबीकडं पाहते, मग माझ्याकडं.
कवडूभाऊनं नाव वाचलं अन् विचारलं, "प्रेमदास थूल कोण आहे जी?"
बाबांचं तोंड उघडत नाही. त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.