गाण्यातलं काहीतरी

ता. ९, मंगळवार

चि. भुंग्यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण शिलाई मशीन चालवण्यापुरता माझं ऐकतो. परवा तुझा फोन आला तेव्हा "मशीन चालू आहे" म्हणून मी तुला कटवलं. मशीन बंद होतं. ते राहू दे.

तुझा अल्बम ऐकला. दातांची डॉक्टरीण माझ्याकडे कोट सैल करून घ्यायला आली होती, तिने मोबाइलवर लावला. म्हणाली, "डोळे मिटा, रंग दिसतील." मिटले. मला फक्त उसवलेली शिवण दिसली. आधी बराच वेळ कुणीतरी पिंपात तोंड घालून बोलत होतं. मग खडखड सुरू झाली आणि मी ताडकन उठले. माझं मशीन! तेल घालायच्या आधीचं! आणि त्यावर तुझी अंगाई म्हणणारा माझा आवाज, आधी सुलटा, मग उलटा. मावशीला उलटं गायला लावतोस, निदान विचारायचंस तरी. आणि मुखपृष्ठावर छापलंस काय, तर "सर्व काही एकट्याने". मग मी तुझी कोण लागते?

डॉक्टरीण तर भारावलीच. "काहीतरी-काहीतरी निजला गं, दिवा जरा बारीक करा" यातला 'काहीतरी' म्हणे लोकगीतांतला फार जुना, गूढ शब्द आहे. कुण्या जाणकाराने तसं लिहिलंय. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, हसताना थोडक्यात वाचले.

तू मात्र शहाणा. परवा फोनवर विचारलंस, "मावशी, आईच्या गाण्यात तिथे खरा शब्द कोणता होता? नव्या आवृत्तीवर छापायचाय." मी विसरले म्हणून 'काहीतरी' म्हणते, असंच तू लहानपणापासून धरून चाललास. मीही चालू दिलं.

विसरले नव्हते रे. तुझी आई म्हणायची, "ढेरपोट्या-ढेरपोट्या निजला गं." झालं, हाच तो गूढ शब्द. जाणकाराला कळव.

ती गेली आणि तू खाणंपिणं टाकलंस. तुला झोपवायला घेतलं, गाणं सुरू केलं, थोपटायला हात ठेवला, तर पोट पार खपाटीला गेलेलं. त्या पोटाला ढेरपोट्या कसं म्हणायचं? जीभच वळेना. तोंडाला आलं ते म्हणून मोकळी झाले. पुढे तू जेवायला लागलास, पण तोवर तुला तेच पाठ झालं होतं. आणि मला तो शब्द नुसता आठवला तरी रडू यायचं. आताही येतंय, अक्षर फिसकटलं असेल तर समजून घे.

मुखपृष्ठावरचा तुझा फोटो पाहिला. हँगरला शर्ट अडकवल्यासारखा दिसतोस. सर्व काही एकट्याने करतोस, ते जेवतोस कधी?

तुझं ते रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन ये. मी गाईन, सुलटं. पण आधी पोटभर जेवायचं. कोणता शब्द गायचा ते मग पोट बघून ठरवीन.

तुझी काहीतरी लागणारी,
मावशी