नऊ एकर कडूबाच्या नावावर

॥ श्री ॥
वाडी, टेंभुर्णीजवळ
कार्तिक व. ५, सन १९४४

चि. कडूबास राधाकिसनचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं समदे खुशाल. हैदराबादेत सरकारी गल्ल्याच्या, म्हंजी धान्याच्या, कोठारात हमालीला तू टिकलास, हे ऐकून मायनं देवापुढं गूळ ठेवला. तीन वर्षांतलं तुझं हे पाचवं काम.

खुशखबर अशी की भुजंगराव मालकांनी ओढ्याकाठचं नऊ एकर काळं वावर तुझ्या नावावर चढवलं. तू इथं न्हाईस म्हणून बांनी अंगठा दिला. मालकांनी त्यांना फेटा बांधला अन् म्हणाले, की धनगराच्या पोरालाबी जमीन असावी. पीक मात्र दरसालप्रमाणं त्यांच्याच पेवात गेलं. बा तो फेटा घालून मेंढ्यांमागं जाऊन राह्यले, मेंढरं बुजतात.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.
तुझा, राधाकिसन

हैदराबाद
मार्गशीर्ष शु. ६

तीर्थस्वरूप राधाकिसनदादास कडूबाचा शिरसाष्टांग दंडवत. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. मला त्या फेट्याचाच वास येऊन राह्यला. ज्यानं बाला कधी ओट्यावर बसू दिलं न्हाई, तो नऊ एकर कसा देतो? अन् नऊच का? आठ का न्हाई, बारा का न्हाई?

इथल्या मुनशीला चहा पाजून विचारलं. सरकारला सक्तीनं धान्य द्यायचं, त्या लेव्हीचा कायदा असा, की दहा एकराच्या आतल्याला माफ. वर जितकी जमीन जादा तितका वाटा जादा. मालकाची तीनशे एकर. मंग नऊ कुंभाराच्या नावावर, नऊ न्हाव्याच्या, नऊ माझ्या. घोडीच्या नावावर केली का न्हाई तेवढं बघून कळव. मी दिवसभर पोती वाहतो, त्यांवरच्या चिठ्ठ्या मुनशी वाचतो. आपल्याकडच्या साऱ्या चिठ्ठ्या पंधरा-वीस एकरवाल्यांच्या. मोठ्यांची ज्वारी कुठं जाते कोण जाणे.

अन् दादा, एका घराची जमीन एकत्रच मोजतात. आपले स्वतःचे चार एकर अन् हे नऊ, झाले तेरा. मालकाला आपले चार एकर दिसलेच न्हाईत, का दिसूनबी चालून गेले? मायला म्हणावं, कणगी झाकून ठेव.

लोभ आटू देऊ नये. मी आटत न्हाई.
कडूबा

वाडी
पौष व. ८

चि. कडूबास आशीर्वाद. वि. वि. तुला मी मनात संशयी म्हटलं होतं, ते माघारी घेतो. तुझ्या नावानं नोटीस आली. तेरा एकराची लेव्ही, चार पोती ज्वारी, पाडव्याच्या आत. आपल्या कणगीत आखाडापर्यंत पुरेल इतकीच आहे. ती दिली तर खायचं काय, या विचारानं माय चुलीपाशी नुसती बसून असते.

मी मालकांकडं गेल्तो. त्यांनी पान लावता लावता सांगितलं, की कागद तुमचा तर कागदाचं ओझंबी तुमचं. वर असंही म्हणाले, की फाल्गुनात त्याच वावरात खतासाठी मेंढ्या बसवा, दरसालची मजुरी, रात्रीमागं दोन पायल्या ज्वारी, मिळेल. बांनी फेटा काढून कोकराला पांघरला.

तुझ्या पत्राची वाट पाहतो, विसर न व्हावा.
राधाकिसन

हैदराबाद
माघ शु. ३

तीर्थस्वरूप दादास दंडवत. वि. वि. मेंढ्या बसवायला बिलकुल न्हाई म्हणू नका. जल्दी हो म्हणा!

बाला विचार, आपल्याच वावरात आपल्याच मेंढ्या बसवून मजुरी कोणी घेतं का? ज्याचं वावर तो मजुरी देतो, हे लेकराला ठाऊक. म्हणून मजुरी मागायची, पण वाड्यावर न्हाई. महसुलाचा गिरदावर पिकाच्या पाहणीला येईल त्या दिवशी चावडीवर मागायची. दिली तर वावर मालकाचं अन् लेव्ही मालकाची. न दिली तर वावर आपलं, मंग पेवातली ज्वारीबी आपली. गिरदावर जेवतो कुणाकडं ते मला ठाऊक आहे. म्हणून कुंभाराला अन् न्हाव्याला पुढं बसव. त्यांनीबी अंगठा दिला असणार.

बाला म्हणावं, तोच फेटा बांधून जा.

माझी आठवण शिव्या देऊन का होईना काढत जावी.
कडूबा

वाडी
फाल्गुन व. ४

चि. कडूबास आशीर्वाद. वि. वि. काल चावडी भरली. बांनी हात जोडून आठ रात्रींची मजुरी मागितली. मालक हसले अन् म्हणाले, स्वतःच्या वावराची कसली रे मजुरी, धुळाजी. बा म्हणाले, बराबर आहे मालक, मंग माझ्या वावराची ज्वारी तुमच्या पेवात कशी? कुंभार खोकला. न्हावी उठून पुढं आला. गिरदावरानं दौत उघडली, तसं मालकांनी गड्याला हाक मारली. सांजच्या आत त्यांच्या पेवातली चार पोती चावडीवर आली, तुझ्या नावाची लेव्हीची पावती झाली. आपली कणगी शाबूत.

बा म्हणतात, मजुरी मिळाली न्हाई म्हणून मेंढ्या तिथंच बसल्यात. मला मेंढ्याच येतात, नांगर येत न्हाई. नाव कडूबाचं, पेरायला त्यानं यावं.

सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, ध्यानी असावं.
राधाकिसन

हैदराबाद
फाल्गुन व. १३

तीर्थस्वरूप दादास दंडवत. वि. वि. चार पोती इतक्या जल्दी दिली? मंग किती वाचवली असतील! गिरदावरानं दौत उघडली म्हणतोस. काही लिहिलं का नुसतीच उघडली, ते तू लिहिलं न्हाईस. कुंभार-न्हाव्याला सांभाळ, मालक आता त्यांना फेटे बांधेल.

मुनशीकडून पगाराचा हिशेब घेतला. परवाच्या गाडीनं निघून राह्यलो. नांगराचं हे सहावं काम कितीक दिवस टिकतं ते मायनं पाहावं.

आशीर्वाद असावा. अन् मी येईपर्यंत त्या वावरातून मेंढ्या उठवू नका.
कडूबा