भिंतीखालची जमीन

मी, श्रीमती सुगंधा जयवंत तिरोडकर, वय एकाहत्तर, व्यवसाय निवृत्त प्राध्यापिका, विषय प्राणिशास्त्र, राहणार दहिसर नदीच्या काठी, बोरिवली पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलेली नाहीच. मला फक्त एका जागी बसवत नाही. लिहिताना मध्येच उठते, मागच्या दाराशी जाऊन पाणी बघते आणि परत येते, त्यामुळे अक्षर जागोजागी बदललेलं दिसेल. त्यावरून माझ्या डोक्याबद्दल कुणी शंका काढू नये. बाहेर सकाळपासून पाऊस आहे आणि दुपारी मोठी भरती आहे, एवढंच कारण.

वकिलांनी एक मसुदा तयार करून दिला होता. त्यात घराची चतुःसीमा सांगताना पश्चिमेस "नाला" असं लिहिलं होतं. तो मी तसाच परत पाठवला आणि स्वतः लिहायला बसले.

कलम १. दोन वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात घर माझा एकुलता एक मुलगा नितेश याला दिलं होतं, पण त्याने मागची भिंत वाढवली तर घर काढून घेऊन कॉलेजला द्यावं, अशी अट होती. ती वाचून नितेश म्हणाला, "आई, तू मला घर देतेयस की नोटीस?" मला राग आला. पण तो बोलला ते खरं होतं. पोटच्या मुलाला घर द्यायचं तर सरळ हाताने द्यावं.

कलम २. सदर घर माझे पती कै. जयवंत आणि मी, दोघांच्या पगारातून घेतलेलं आहे. जयवंत यांच्या पश्चात मिळकत पत्रिकेवर माझं एकटीचं नाव आहे. पूर्वेस गल्ली, दक्षिणेस शेजारी शिवदास यांचं घर, उत्तरेस मोकळी जागा, पश्चिमेस नदी. हे घर, कलम ७ मध्ये सांगितलेला भाग सोडून, मी नितेशला कोणत्याही अटीशिवाय देते. बँकेत जे काही उरेल तेही त्याचंच. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही, त्यात माझा जीव कधी नव्हता.

कलम ३. माझा सूक्ष्मदर्शक, हातजाळ्या, पांढरे ट्रे आणि नमुन्यांच्या बाटल्या माझी विद्यार्थिनी विनिता हिला, जी आता माझ्याच कॉलेजात शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. विनिताने दर महिन्याला नदीवर जायचं सोडू नये. वर, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, पाणी दगडांवरून खळाळत येतं, तिथे दगड उलटला की चतुर किड्याच्या अळ्या अजून मिळतात. आमच्या वळणावर दगडच राहिलेले नाहीत. तळाला काँक्रीट, त्यावर शेणाचा आणि सांडपाण्याचा थर, आणि त्यात फक्त लाल अळ्या. त्या बिचाऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही. जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो तिथेही त्या तग धरतात, तो लाल रंग त्याचसाठी असतो. पण पाण्यात त्याच त्या दिसू लागल्या की बाकीचे सगळे गेले असं समजायचं. हे मुलांना ट्रेमध्ये दाखव गं, फळ्यावर नको. विनिता मला नेहमी म्हणते, "मॅडम, तुम्ही मेल्यावरसुद्धा मला सॅम्पलिंगला पाठवाल." हो, पाठवणार. हे कलम त्यासाठीच आहे.

कलम ४. शेजारी शिवदास यांना मी काहीही देत नाही. गेली कित्येक वर्षं ते घरचं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, वर घट्ट गाठ मारून, पुलावरून नदीत टाकतात आणि मग हात जोडतात. मी एकदा ती पिशवी काठीने ओढून बाहेर काढली आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवली. पुढचे कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना देवाचं वाईट वाटलं, मला माशांचं. तरीही या कागदावर साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावलं आहे. सुगंधाबाईंच्या बाजूने शिवदास खोटं बोलला, असं उभ्या गल्लीत कुणी म्हणणार नाही.

कलम ५. माझी राख नदीत, खाडीत, समुद्रात, कुठेही सोडू नये. पुढच्या दारातल्या करंजाच्या मुळाशी खोल खड्डा करून पुरावी, तिथपर्यंत पाणी येत नाही. शोकसभा ठेवलीच तर त्यात नदीला नाला म्हणणाऱ्याला चहा देऊ नये. हे मी गमतीने लिहीत नाही. एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला माणसाचा हात कचरत नाही, हे मी आयुष्यभर बघत आले आहे.

जरा उठून आले. परसातल्या अळवापर्यंत पाणी चढलं आहे. अजून भिंतीवरून आलेलं नाही, मोरीतून उलटं येतं आहे. पुढे लिहिते.

कलम ६. जयवंतसाठी मी आणलेला आणि त्याने एकदाही न घातलेला गमबुटांचा जोड नितेशला. तो त्याला बरोबर होतो, मी मापून बघितलं आहे.

काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात पाणी घरात आलं तेव्हा जयवंत अनवाणीच मागच्या मोरीत उतरला. टाचांना भेगा होत्या. मी ओरडले, "बूट घाल. उंदरांचं मूत आहे त्या पाण्यात, भेगेतून आत जाईल."

"मी काय तुझा विद्यार्थी आहे?" म्हणाला आणि हसत हसत काठीने मोरी खुपसत राहिला.

गोळ्याही आणून दिल्या होत्या, त्या पाकिटातच राहिल्या. आठवड्याने ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढवेना. मग डोळे पिवळे झाले, मग लघवी बंद झाली. लेप्टो. त्याच दिवसांत सोनूबाईच्या नातवालाही तोच ताप आला होता. सोनूबाई म्हणजे नदीपलीकडे, आमच्या अगदी समोर राहणारी, बाजारात मासळी विकणारी माझी जुनी मैत्रीण. तिने पोराला लगेच दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला. जयवंत गेला. मला त्याचा अजूनही राग येतो. गेलेल्या माणसावर रागवायची सोय नसते, म्हणून तो राग मी घरभर येरझारा घालून काढते.

नितेश पुराच्या दिवशी मुलुंडला, त्याच्या घरी अडकला होता. त्याला इथवर पोचता आलं नाही. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं आहे की मागची भिंत पुरुषभर उंच असती तर त्याचा बाप आज असता. गेल्या रविवारी तो कंत्राटदाराला घेऊन आला. भिंतीवर खडूने खुणा झाल्या. ऑपरेशननंतर मला मुलुंडला न्यायचं आणि पाऊस संपला की इथे काम सुरू करायचं, असं त्याने ठरवलंय. मी नको म्हटलं तेव्हा म्हणाला, "आई, मी अजून किती पावसाळे फोन हातात धरून बसू?"

मी नदीचा नकाशा उलगडला. आमचं घर नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे, जरा उंचावर. समोर, आतल्या अंगाला, सोनूबाईचं घर आणि आणखी काही जणांची घरं, आमच्यापेक्षा गुडघाभर खाली. पूर येतो तेव्हा पाणी आमच्या बुटक्या भिंतीवरून परसात पसरतं, तिथून शेजारच्या मोकळ्या जागेत जातं, आणि तेवढं समोर कमी चढतं. भिंत वाढवली की नदीची तेवढी जागा गेली. पाणी काही आटत नाही, ते सोनूबाईच्या घरात जातं. शिवाय त्या ऑगस्टात आमच्याकडे पाणी आधी आलं ते मोरीतून, कारण खाली खाडीला भरती होती आणि नदीला पुढे जायला वाट नव्हती. उंच भिंत असती तर आत आलेलं पाणी आतच तुंबून राहिलं असतं. हे सगळं मी नितेशला रेघा मारून दाखवलं.

"मग समोरच्यांनी पण बांधावी ना भिंत," तो म्हणाला.

दोन्ही काठांनी बांधली तर पुढच्या पुलाशी काय होईल, ते मी सांगायला लागले. त्याने मला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाला, "तुला बाबांपेक्षा नदीचं पडलंय."

मी नकाशा गुंडाळून ठेवला. तो परत उघडलेला नाही. खरं सांगायचं तर, भिंत असती तर जयवंत त्या दिवशी मोरीत उतरला असता की नसता, हे मला सांगता येत नाही. आयुष्यभर या नदीचं पाणी मोजलं, तपासलं, त्यावर निबंध लिहिले. हे एक मला काढता आलेलं नाही. पाऊस वाढला की मी इथेच येऊन अडकते आणि मग उठून दाराशी जाते. माझी झोप यात गेली आहे. झडप खराब व्हायचं कारण डॉक्टर दुसरं सांगतात, पण मला माझं माहीत आहे.

कलम ७. घराच्या पश्चिमेकडचा, मागच्या दाराच्या पायरीपासून थेट नदीपर्यंतचा पट्टा, त्यावरच्या बुटक्या भिंतीसह आणि अळवासह, मी सोनूबाई धोंडू तांडेल, राहणार समोरचा काठ, यांना कायमचा देते. भिंत याच पट्ट्यावर उभी आहे. तेव्हा माझ्या पश्चात ती वाढवायची असेल तर सोनूबाईची परवानगी घ्यावी लागेल. वकील म्हणाले, "बाई, एवढ्याशा तुकड्याची वेगळी नोंद करताना तुमच्या मुलाच्या नाकी नऊ येतील." येऊ देत. ज्याच्या घरात पाणी जाणार त्याला विचारल्याशिवाय कुणी भिंत घालू नये, यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

हे कलम लिहायच्या आधी मी पूल ओलांडून सोनूबाईकडे गेले होते. ती ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. मी जमिनीचं सांगितलं तर ती हसायलाच लागली.

"मला कशाला देतेस गं बाय? मी काय तिथं बोंबील सुकवू?"

"सुकव की. पण भिंत उंच करायची म्हणून कुणी विचारायला आलं, तर हो म्हणायचं की नाही ते तू ठरवायचं."

तिची सुरी थांबली. "विचारायला नितेशच येणार ना?"

"हो."

"मग मी त्याला नाही कशी म्हणू? बाप गेलाय त्याचा, त्या पाण्यापायी."

"सोनू, भिंत झाली तर पाणी तुझ्या घरात शिरेल."

"ते आता पण शिरतंच. जरा जास्त शिरेल. सामान माळ्यावर ठेवीन."

"आणि नातू?"

तिने मान वर केली नाही. बोंबलाचं डोकं उडवलं आणि पुढचा उचलला. म्हणाली, "त्याला गोराईला माझ्या भावाकडे धाडीन, पावसापुरता." मग आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा टाकला.

परत येताना मी पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि रडले. वकील, नोंदी, पट्टा, एवढा खटाटोप करून मी भिंतीला कुलूप घालायला गेले होते, आणि तिने किल्ली आधीच माझ्या मुलाच्या हातात देऊन टाकली होती. घरी येऊन पट्टा दुसऱ्या कुणाला द्यावा का, याचा विचार केला. विनिताला द्यावा, ती ठाम नाही म्हणेल. कॉलेजला द्यावा, ते कागदाला उत्तरच देणार नाहीत. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. शेवटी नाव बदललं नाही.

नितेश, यापुढचं कोर्टासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तुझ्या बाबांना मी त्या मोरीतून बाहेर काढू शकले नाही. तुला थांबवायला आता माझ्याकडे अट नाही, नकाशा नाही, आणि कदाचित गुरुवारनंतर मीही नाही. भिंत तू माझ्या काळजीने बांधायला निघालास, हे मला कळतं रे. ती काळजी मी गेल्यावर उरणार नाही, फक्त भिंत उरेल. तू सोनूबाईकडे गेलास तर ती तुला बसवेल, चहा देईल, तुझ्या पोराबाळांची चौकशी करील, आणि तू विचारलंस की हो म्हणेल. दुसरं काही ती म्हणणारच नाही. हे मला ठाऊक आहे आणि आता तुलाही ठाऊक झालं.

पट्टा तिच्याच नावे राहील.

एवढं लिहून मी हा कागद पुन्हा एकदा वाचला. त्यातलं काहीही कुणी माझ्याकडून वदवून घेतलेलं नाही. खाली सह्या करणाऱ्या दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: सुगंधा जयवंत तिरोडकर

साक्षीदार:
१. डॉ. ओजस प्रभू, गल्लीतला दवाखाना. बाईंना आज तपासलं. नाडी जलद आहे, बुद्धी पूर्ण शाबूत आहे.
२. शिवदास गणपत नाईक, शेजारी. कलम ४ वाचलं. मान्य नाही. बाकी सही माझ्यासमोर झाली.

स्थळ: बोरिवली पूर्व, मुंबई
दिनांक: १४ जुलै २०२५