टेबलावरचं पाणी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मी तुमच्याशी अणुबाँबचं बोलायला बसलो आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही, सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. पण तुमचा नातू आखातात कंपनीत आहे, आणि त्याच्या शेजारच्या देशाशी एका बड्या देशाची बाँबवरून बोलणी चालली आहेत. ती मोडली तर क्षेपणास्त्रं त्याच्या डोक्यावरून जातील. रोह्याच्या या घरात मी दिवसभर टीव्हीसमोर बसून असतो.

मला पेणकडच्या खाडीवरचा, खारं पाणी अडवणारा आपला बांध आठवतो. पलीकडच्या वाडीशी उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दारातल्या मासळीवरून वैर. दोघांची भातशेती त्या एकाच बांधामागे, आणि दोघंही तो फोडायची धमकी देणारे. भांडण पेटलं की तुम्ही रिकाम्या हातांनी तिकडे जायचात. मी तुमच्या मागे उभा आहे, त्यांचा म्होरक्या ओट्यावरून ओरडतो आहे, "परत आलास व्हय? लाज नाय वाटत?" तुम्ही खाली बसता. "तहान लागलीय. आधी पानी दे, मग शिव्या घाल." त्याची बायको हसू दाबत तांब्या आणते. रीतच होती तशी, ज्याला पाणी दिलं त्याच्याशी हवं तेवढं भांडायचं, पण त्या दिवशी बांधाला हात लावायचा नाही. घरी आई चुलीपाशी तडतडायची, "जा, रोज त्यांच्या पाया पडा!" तुम्ही म्हणायचात, "शिव्या घालतोय गो, तवर कुदळ उचलत नाय."

तुमच्यामागे तिकडे कोणी गेलं नाही. बांध फुटला. आपल्या शेतात आणि त्यांच्याही शेतात आता खारफुटी आहे.

म्हणून मी टीव्हीत दोन्हीकडच्या साहेबांपुढच्या पाण्याच्या बाटल्या बघतो. कोणी झाकण उघडत नाही. सून म्हणते, "बाबा, त्या शोभेच्या असतात." असतीलही, पण मी त्या झाकणांवरून नजर काढत नाही. मुलगा फोनवर सांगतो, "इथं सगळं ठीक हाय, शिफ्ट चालू हाय. तुम्ही गोळी घेतलीत का?" सुट्टी पुढच्या महिन्यात, म्हणतो. काल बातम्यांत सांगितलं, एक बाजू उठून गेली. परत कधी बसणार, ते सांगितलं नाही.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचं असतं, ठाऊक नाही. घडी करून ठेवतो. तुम्ही दोन्ही वाड्यांसाठी जात होतात, आबा. मी देवापुढे बसलो की जगाचं भलं कर असं तोंडाने म्हणतो, सून ऐकत असते. मनात मात्र एवढंच असतं, की पोरगा विमानातून उतरेपर्यंत बोलणी टिकू देत. त्यापुढचं मी काही मागत नाही.