पात्यामागची पट्टी

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

करवतीवरचं गार्ड अजून बसवलेलं नाही! खंडेनवमीला करवतीच्या पात्याला हळदकुंकू लावायचं म्हणून आप्पांनी काढलं. हार नीट बसावा म्हणून पात्यामागची उभी पट्टीही काढली. दोन्हींचे बोल्ट आईने पूजेच्या ताटात ठेवलेत. मागितले तर म्हणते, "कोजागरीपर्यंत देवापुढचं हलवायचं न्हाई." मशीन मात्र सकाळपासून चालू! हे देवाला चालतं का?

शनिवार, ४

बाभळीची फळी उभी चिरताना बजरंगदादाच्या हातून सुटली. सुटली कसली — मशीननेच मागे फेकली! त्याच्या कमरेजवळून गेली आणि शेडच्या पत्र्याला भोक पाडून अडकली. मग तोच हसला, "नेम चुकला राव मशीनचा!" अकरा वर्षं आमच्याकडे मिस्त्री आहे. मला सायकल त्याने शिकवली.

मी त्याला समजावलं. फळी चिरली की लाकडातला ताण सुटतो, दोन्ही भाग मिटतात, पात्याला चिमटतात. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात — ते फळी उचलून आपल्याच अंगावर मारतात. पट्टी त्या फटीत उभी राहते, फट मिटू देत नाही. एवढंच तर तिचं काम!

"ताई, तुमच्या पुस्तकातलं लाकूड शानं आसंल. हे बाभळीचं हाय."

आप्पा म्हणाले, "बीएस्सी झाली, आता मला मशीन शिकवती व्हय?"

हो, शिकवते! कॉलेजला तुम्हीच घातलंत ना?

रविवार, ५

दिवाळीच्या दिवाणांची घाई, म्हणून सुट्टी नाही. ताटातले बोल्ट मी उचलले. आईने तोंड फिरवलं.

सोमवार, ६

गार्ड आणि पट्टी, दोन्ही बसवलं. पान्याने बोटांची सालं निघाली. भिंतीवर खडूने लिहिलं — पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. शेवटचा तुकडा हाताने नाही, काठीने ढकलायचा.

तासाभरात बजरंगदादाने पट्टी काढली. "जाड फळी आडकती." मी बसवली. त्याने काढली. मी बसवली! तिसऱ्यांदा तो काढायला आला तेव्हा मेन स्विच बंद केला आणि त्यापुढेच उभी राहिले. आप्पा ओरडले. गिऱ्हाईक बघत होतं. बघू दे!

"मालक, हितं मिस्त्री कोन — मी का ताई? ठरवा."

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ दे पट्टी."

जिंकले!

मंगळवार, ७

बजरंगदादा आला नाही. राहुरीकडे एका शेडवर लागला म्हणे. तिथे गार्ड नाही, पट्टी नाही आणि अडवणारं कुणी नाही. आई म्हणाली, "झालं समाधान?"

पट्टी पुन्हा तपासली. मी जराशी तिरपी बसवली होती. फळी अडकते हे त्याचं खरं होतं! पात्याच्या रेषेत आणली. आप्पांनी दिवसभर स्वतः चिरलं, एकही फळी अडकली नाही.

त्याला सांगायला फोन केला. उचलला नाही.

गुरुवार, ९

काल दोनदा, आज एकदा. उचलत नाही. नको उचलू! पट्टी तिरपी होती ही चूक माझी. पट्टी हवीच, यात चूक नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा स्विचपुढे उभी राहीन. आप्पा आता काठीने ढकलतात — मी बघत नसतानाही.

सोमवार, १३

सकाळी राहुरीकडच्या त्या शेडवर फळी बजरंगदादाच्या पोटात बसली. लोणीच्या हॉस्पिटलला नेलंय, ऑपरेशन चालू आहे. त्याच्या बायकोचा, मनकर्णावहिनीचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, तुमचं समदं बराबर हुतं. मग त्यांना जाऊ का दिलं?"