चहा म्हणजे खाणं नव्हे

७ जुलै २०२५
आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवणार नाही.
ॲप तयार! फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, नाडीवरून ते रक्तातली साखर ओळखतं. जास्त असली की लाल दिवा. पुढच्या महिन्यात पुण्याची कमिटी येणार. पास झालो तर नोकरी कायम, नाहीतर सप्टेंबरात काँट्रॅक्ट संपतं. नापास होण्याचा प्रश्नच नाही. पहिली टेस्ट स्वतःवर घेतली. लाल दिवा. माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर ओरखडा आहे.

९ जुलै
फील्डवर्कचा अमरसिंह नोकरी सोडून गेला. म्हणे, सर, शाहूवाडीत पाऊस लई. भित्रा लेकाचा. ॲपचा अंदाज रक्ताच्या आकड्याशी ताडायला मीच जाणार. कॉम्प्युटरवाल्याला बोट टोचायला जमणार नाही, असं बायकोचं मत. आदितीला माझी अजून ओळख पटलेली नाही. यूट्यूबवर शिकलो.

१५ जुलै
पहाटेच घरून, कोल्हापुरातून निघालो. मलकापूरच्या पुढची वाडी. रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यायचं, मग ॲपवर बोट. उंबऱ्यातच तानाबाई म्हणाल्या, पावणं, च्या घेतल्याबिगर बोट मिळायचं न्हाई. विचारलं, उपाशी आहात ना? म्हणाल्या, व्हय की, रातच्यापास्नं पोटात कण न्हाई. पावण्याला एकट्याला च्या द्यायचा नसतोय म्हणून अख्ख्या घरानं माझ्याबरोबर घेतला. अर्धा तास गप्पा, मग टोचलं. घरोघरी हेच. पाकासारखा गोड चहा. पण माणसं शिस्तीची, कुणी घासभरही खाल्लं नव्हतं.

१६ जुलै
सगळ्यांची साखर जास्त. सगळ्यांची! तानाबाईंची, दिवसभर रानात राबणाऱ्या त्यांच्या मुलाची, सयाजीचीसुद्धा. आदिती म्हणाली, तुझं काहीतरी चुकतंय. माझं नाही, पुस्तकांचं चुकतंय! या डोंगरात वेगळाच मधुमेह आहे. नाव ठरवलं: 'शाहूवाडी टाइप'. माझं नाव द्यायचा विचार होता, पण शोभलं नसतं. निदान पहिल्या वर्षी.

२ ऑगस्ट
जनुक शोधतोय. सापडत नाही. लपून बसलंय. तहान फार लागते, रात्री सारखं उठावं लागतं. मोठं काम चालू असलं की असं होणारच.

२५ ऑगस्ट
कमिटी आली. जोरात बोललो. अध्यक्षबाईंनी विचारलं, लोकांनी टेस्टआधी काही घेतलं होतं? छाती फुगवून सांगितलं, काहीही नाही, फक्त चहा. बाई चष्मा काढून बघतच राहिल्या. साखरेचा? म्हटलं, मॅडम, चहा म्हणजे खाणं नव्हे. अख्ख्या महाराष्ट्रात चहानं उपास मोडत नाही! शेजारचे सर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. सर्दी असावी.
ज्यांना चहा कळत नाही त्यांना जनुक काय कळणार!

२८ ऑगस्ट
आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व सुरू. आईचा, म्हणजे आक्काचा, निर्जळी उपास. कमिटीची गोष्ट सांगितली. आक्का म्हणाली, आरं, आपल्यात उपासाला पाण्याचा घोट घेत न्हाईत, आणि त्यांस्नी साखर पाजून तू उपाशी म्हणतोस व्हय?
घरातही फितुरी. ठीक आहे. उद्या मीही निर्जळी करणार. परवा सकाळी टेस्ट, मग गोड चहा, मग पुन्हा टेस्ट. दोन्ही आकडे सारखे येणार. मग कमिटीच्या तोंडावर फेकतो.

३० ऑगस्ट
उपास पार पडला. तहानेनं जीव कासावीस, पण मोडला नाही. आदितीनं बोट टोचलं. चहाच्या आधीच दोनशे साठ. उपाशीपोटी शंभरच्या आत हवी. मशीन खराब. शेजारच्यांचं आणलं. दोनशे अठ्ठावन्न. आक्कानं साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. मला भीती वाटली. इथं लिहायला हरकत नाही.

९ सप्टेंबर
प्रोजेक्ट बंद. नोकरी महिनाअखेरपर्यंत. कमिटीनं वाडीत पुन्हा तपासणी करून घेतली, बिनचहाची. तानाबाई ठणठणीत, सयाजी ठणठणीत, सगळी वाडी ठणठणीत. शाहूवाडी टाइपचा एकच रुग्ण निघाला आणि तो कोल्हापुरात राहतो.
तरी मी मागे हटणार नाही. ॲपनं पहिल्याच दिवशी, पहिल्याच बोटाला खरं सांगितलं होतं. हे कमिटीला ठणकावून कळवणार होतो. एवढ्यात आदिती चहा घेऊन आली. बिनसाखरेचा. दोन कप. म्हटलं, तू का बिनसाखरेचा? म्हणाली, तुला एकट्याला कसा देऊ?
बेचव आहे. प्यायलो.