अंगठ्याची पट्टी

मंगळवार, १४ फेब्रुवारी १९९५, उधना

आज अंगठा पुन्हा कापला. रविवारी दाढी करताना गालाला पातं लागलं, काल गरम चहा पेल्याबाहेर ओतून पायावर घेतला, आणि आज कारखान्यात कापडाच्या लूमवर हे. बायको म्हणते, "अहो, शनिवारी मारुतीला तेल वाहून या." वाहीन. पण तेलाने काय होणार?

खरं काय ते इथेच लिहितो. चार-सहा महिने झाले, तुटलेला धागा मला दिसतच नाही. अंगठा फिरवून शोधतो, म्हणून तोच कापतो. आज पट्टीमुळे अंगठ्यालाही कळलं नाही आणि कापडात हातभर उभी रेघ पडली. खात्याचा मास्तर ओरडला, "ध्यान किधर है, भाऊ?" पट्टी दाखवली, सुटलो. चष्मा लावला तर लूमवरून उठवून कमी पगारावर घड्या घालायला बसवतील. मग?

संध्याकाळी बायकोने सुई-दोरा पुढे केला. "एवढी ओवून द्या." मी तिलाही पट्टी दाखवली. तिने सुई स्वतःच ओवली. चहा मात्र आज पुढ्यात ठेवला नाही. पेला हातात दिला, आणि मी नीट धरेपर्यंत सोडला नाही.